न वाळलेलं चित्र

सुरभी गावंडेला कोणी विचारलं, की बाई, तू नेमकं करतेस काय, तर तिला त्याचं धड उत्तर कधी देता आलं नाही. नवरा गिऱ्हाइकांना सांगे, "मिसेस रेझिनचं काम करते." सासू शेजारणींना सांगे, "लग्नाचे हार काचात घालते सून माही." आणि नागपूरच्या एका गॅलरीनं पत्रिकेवर तिच्या नावाखाली 'अमूर्त चित्रकार' असं छापलं, तेव्हा भागीरथाबाईंनी, म्हणजे त्याच सासूबाईंनी, पत्रिका डोळ्यांजवळ धरून विचारलं, "अमूर्त म्हंजे काय वं? मूर्त्या नाही करत, ते?"

"हो, तसंच काहीतरी," सुरभी म्हणाली. खरं तर तो शब्द तिलाही आपला वाटला नव्हता. कोणी दुसऱ्याचं पातळ चुकून आपल्या दोरीवर वाळत घालावं, तसा तो तिच्या नावाखाली लटकत होता.

ती मूळची उमरखेडची. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा दिलेल्या, पुढं यवतमाळला राहून कलाशिक्षकाचा डिप्लोमा घेतलेला. नोकरी लागायच्या आधी लग्न लागलं आणि ती पांढरकवड्याला आली. उमरखेड मराठवाड्याच्या वेशीवरचं. तिथं ती 'कशाला' म्हणायची, इथं सगळे 'कायले' म्हणायचे. पहिली काही वर्षं सासरचे तिच्या बोलण्याला हसायचे, मग माहेरचे हसायला लागले. आता तर कोणता शब्द कधी तोंडातून निघेल, याचा तिचा तिलाच भरवसा राहिला नव्हता.

नवरा कपिल, त्याचं हमरस्त्याला लागून बोर्डांचं दुकान. आधी तो ब्रशनं पाट्या रंगवायचा, मग फ्लेक्स आले, आणि आता निऑन. निऑन म्हणजे पूर्वीची ती गॅस भरलेली काचेची नळी नव्हे. रबरासारखी वाकणारी, आतून पेटणारी दोरी. ती वाकवून अक्षरं करायची, पारदर्शक ॲक्रेलिकच्या शीटवर बसवायची, की ढाब्याचं नाव लांबूनच डोळ्यांत भरतं. कपिलचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: बोर्ड वाचता आला पाहिजे. रात्री, पावसात, धुक्यात, पेंगुळलेल्या ड्रायव्हरला, कोणालाही.

आणि अशा माणसाच्या घरात न वाचता येणारे बोर्ड तयार व्हायला लागले.

त्याची सुरुवात हारांपासून झाली. रेझिनचे दोन द्रव असतात. एक रेझिन, दुसरा हार्डनर. ठरलेल्या मापात मिसळले, की ते मिश्रण हळूहळू घट्ट होतं आणि काचेसारखं टणक बनतं. त्यात नवरा-नवरीच्या वरमाला गोठवून फ्रेम करून द्यायची पद्धत मोबाइलवरून गावोगाव पोचली होती. सुरभीनं ती घरबसल्या शिकून घेतली. वणीपासून पांढरकवड्यापर्यंतच्या लग्नघरांतले हार तिच्याकडं यायला लागले. एकदा एका हारातले गुलाब नीट सुकलेले नव्हते; रेझिनमध्ये ते काळे पडले. तिनं ती फ्रेम बाजूला ठेवली, त्या घरून जोडीतला दुसरा हार मागवला, आणि कपात उरलेलं रेझिन कपिलच्या दुकानातल्या शीटच्या तुकड्यावर असंच ओतून दिलं. त्यात जरा निळा सोडला, जरा मातकट. घट्ट झाल्यावर त्याच्या मागं निऑनचा उरलेला तुकडा सहज लावून पाहिला.

उजेड त्या थरातून सरळ आला नाही. जिथं थर जाड होता तिथं अडला, जिथं पातळ होता तिथं फुटला, आणि काही ठिकाणी तर आतल्या आत फिरत राहिला. ती हातमोजे न काढता तिथंच उभी राहिली.

कपिल चहा घ्यायला आत आला. "काय हाय हे?"

"माहीत नाही."

"मंग कायले केलं?"

 दुसऱ्या दिवशी तिनं आणखी एक केलं.

दोनेक वर्षांत घरामागचं टिनाचं शेड भरून गेलं. हार करून जे मिळे, त्यातून रेझिन येई. कपिल कुरकुर करी, पण निऑनचे तुकडे तिच्यासाठी वेगळ्या खोक्यात टाकून ठेवी. सासरे पुंडलिकराव गावाबाहेरच्या आपल्या वावरात कपाशी आणि तूर करायचे. त्यांचा फवारणीचा पंप, खताच्या रिकाम्या बॅगा त्याच शेडमध्ये असत. ते यायचे, पंप उचलायचे, आणि चित्रांकडं न पाहता निघून जायचे. परक्या बायकांच्या घोळक्यातून जाताना माणूस जशी मान खाली घालतो, तशी घालून. एकदाच म्हणाले होते, "उजेड चांगला हाय."

नागपूरची गॅलरी चालवणारा ओम तिला एका सामूहिक प्रदर्शनात भेटला. पस्तिशीचा, बोलायला मऊ. तो पांढरकवड्याला आला, शेडमध्ये तासभर फिरला आणि म्हणाला, "तुमची कामं देखणी आहेत ताई. पण सगळं तुमच्या ताब्यात आहे. काही निसटत नाही."

पुढच्या प्रदर्शनासाठी दोन चित्रं ठरवून तो गेला, तेव्हा कपिलनं विचारलं, "म्हंजे चांगली हायेत का खराब?"

"ते नाही सांगितलं त्यानं."

"मंग घेतली काहून दोन?"

सुरभी त्या वाक्यावर कितीतरी दिवस अडून बसली. काही निसटत नाही म्हणजे काय? निसटू नये म्हणून तर ती मापं घेत होती, बुडबुडे गरम हवेनं फोडत होती, शीट पाणसळ लावून सपाट ठेवत होती. हे सगळं सोडून द्यायचं? आणि सोडायचं म्हटलं तर नेमकं काय सोडायचं?

तेवढ्यात खेमसिंग राठोडचं काम आलं. खेमसिंगचा ढाबा हमरस्त्यावर, दोन्ही अंगांना कपाशीची वावरं. त्यानं जेवायचं शेड नवीन बांधलं होतं आणि पोळ्याच्या आधी त्याला दर्शनी काहीतरी लावायचं होतं. तो दुकानात आला, कपिलनं नमुने दाखवायला सुरुवात केली, आणि त्याची नजर मागच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या सुरभीच्या एका चित्रावर गेली.

"असं पाह्यजे."

"त्याच्यावर नाव नाही काही," कपिल म्हणाला.

"नाव तं सगळ्यायच्याच ढाब्यावर असते, कपिलभाऊ. माह्या ढाब्यावर असं पाह्यजे, का ड्रायव्हरनं ब्रेक मारून विचारलं पाह्यजे, हे काय हाय म्हून."

"अन् मंग तुम्ही काय सांगान?"

"मी सांगीन, उतर, जेव, मंग सांगतो."

सुरभी आतून ऐकत होती. तिला हसूही आलं आणि धडकीही भरली. आजवर तिचं चित्र मागायला कोणी आपणहून आलं नव्हतं.

तिनं दाराएवढं मोठं पॅनल घेतलं. तळाला काळसर तपकिरी, इथल्या ओल्या मातीसारखा. वर निळ्या-जांभळ्याचे थर. त्यांच्या मागं जांभळट निऑनची एक लांब, मध्येच वाकलेली रेघ. हे रंग का, ते तिला सांगता आलं नसतं. दिवस श्रावणाचे होते. भिंतींना ओल, कपड्यांना ओल, मिठाला पाणी सुटलेलं. खालचे थर कसेबसे घट्ट झाले. सगळ्यात वरचा पारदर्शक थर मात्र चिकटच राहिला. बोट लावलं की ठसा उमटायचा. मापात तिची चूक झाली, की हवेतल्या ओलीनं घात केला, हे तिला आजतागायत उमगलेलं नाही.

खेमसिंगचा निरोपावर निरोप. कपिल म्हणाला, "लावून देऊ. ऊन पडलं का सुकीन." तिलाही तसंच वाटलं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं वाटलं. संध्याकाळी ढाब्याच्या वळचणीखाली पॅनल चढवलं, बटण दाबलं, आणि खेमसिंग दोन पावलं मागं सरकून नुसता "हां" म्हणाला. तेवढ्या 'हां'वर ती सुखानं घरी आली.

सकाळी खेमसिंगचा फोन आला. "वहिनी, तुमी येऊन पाहा बरं एकडाव."

दोघं मोटरसायकलवर गेली. लांबून पाहिलं तेव्हा सुरभीला वाटलं, पॅनलवर कोणी चिखल उडवलाय. जवळ गेल्यावर दिसलं. उजेडाला भुलून आलेले पतंग रात्रभर त्या चिकट थरावर बसत गेले होते आणि जिथं बसले तिथंच राहिले होते. बारके, मोठे, मातकट, पांढरे, हिरवे. काही पंख पसरून, काही मिटून. निऑनच्या रेघेवर त्यांची इतकी दाटी होती, की ती रेघ केसाळ दिसत होती. जिथं उजेड अंधुक, तिथं एखाददुसरा. काहींचे पाय अजून हलत होते.

"गिऱ्हाईक जेवाले बसत नाही हो," खेमसिंग अवघडून म्हणाला. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. "तुमचं काम चांगलं हाय. पण आता ताटासमोर हे..."

कपिलनं त्याला चार दिवसांत साधा बोर्ड करून द्यायचं कबूल केलं, नाव असलेला. पॅनल टेम्पोत घालून घरी आणलं आणि शेडमध्ये भिंतीला उभं केलं. भागीरथाबाईंनी दारातूनच पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"खरवडून टाकू," कपिल म्हणाला. "खालची शीट तं कामी येईल."

"राहू द्या दोन दिवस."

"कायले?"

"माहीत नाही हो मला," ती म्हणाली, आणि आत जाऊन कणीक मळायला बसली. कणीक मळता मळता रडून घेतलं. नेमकं कशाचं रडू, तेही कळेना. चित्र गेलं त्याचं, की ते जीव गेले त्याचं, की खेमसिंगसमोर मान खाली गेली त्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव पंप घ्यायला शेडमध्ये गेले ते बाहेर येईनात. भागीरथाबाईंनी चहासाठी हाक मारली, तरी नाहीत. सुरभी पाहायला गेली, तर सासरे रंगाचा रिकामा डबा पालथा घालून त्या पॅनलसमोर बसलेले. चष्मा लावलेला. बोट पॅनलपासून थोडं लांब धरून ते एकेक पतंग न्याहाळत होते.

"इकडं ये बरं, बाई," ते म्हणाले. "हा पाह्य. बारका, मातकट, पंखावर काळपट ठिपके. हा गुलाबी बोंडअळीचा. याचीच अंडी बोंडावर असतात. अन् हे हिरवे, हे तुडतुडे. हा मोठा पांढरा मले नाही मालूम. हे पावसाळी किडे, हे कोणाचं काही करत नाही."

"एवढे आले कुठून, मामाजी?"

"वावरातून आले. दोन्हीकून कपाशीच तं हाय. मीबी सापळे लावतो ना, पण त्यात एवढे पडत नाही." ते पुन्हा पॅनलकडं वळले.  मग म्हणाले, "राग नको मानू. तुयी चित्रं मले आजलोक समजली नाही. म्या म्हटलं, आपल्या डोक्याचं ते काम नाही. पण हे समजलं."

सुरभी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. लग्नाला पंधरा वर्षं होत आली होती. हा माणूस तिच्या कामाबद्दल इतकं सलग कधी बोलला नव्हता. तिला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण त्या आनंदाखाली काहीतरी टोचत होतं.

"मामाजी, पण हे मी नाही केलं."

"मंग कोणं केलं?"

 पतंगांनी केलं म्हणावं, तर उजेड तिचा. उजेडानं केलं म्हणावं, तर पतंग धरून ठेवले ते चिकट थरानं, आणि तो काही तिनं मुद्दाम चिकट ठेवला नव्हता. ओलीनं केलं म्हणावं, तर मग श्रावणाचीच सही घ्यायला हवी.

पोळा झाला, गणपती बसले. त्याच सुमारास ओम आधी ठरलेली दोन चित्रं न्यायला गाडी घेऊन आला. त्यानं ती दोन चित्रं पाहिली, मान हलवली, आणि मग कोपऱ्यातल्या पॅनलपाशी जाऊन उभा राहिला.

"हे नवीन आहे?"

"ते बिघडलंय."

"बिघडलंय हा तुमचा शब्द आहे, ताई." तो खाली वाकून पाहत होता. "हे कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं नाही. वाळलंच नाही ते." तिनं त्याला सगळं सांगितलं; पाऊस, खेमसिंग, टेम्पो. ओमनं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "मी म्हणालो होतो ना, काही निसटत नाही म्हणून? हे निसटलंय." त्याच्या चेहऱ्यावर इतका खरा आनंद होता, की तिला पुढं बोलवेना. त्याला ते नागपूरला हवं होतं. नाव काय द्यायचं, असं त्यानं विचारलं, तेव्हा तिला दुसरं काही आठवेना. "खेमसिंगचा ढाबा," ती म्हणाली. ओम हसला, मग हसायचा थांबला आणि तेच लिहून घेतलं.

तिनं मापं पुन्हा पुन्हा तपासून त्यावर एक जाड, स्वच्छ थर ओतला. या वेळी तो बरोबर घट्ट झाला. पतंग आत कायमचे राहिले, हारातल्या गुलाबांसारखे. पाठीमागं सही करताना मात्र तिचा पेन थबकला. कपिलनं ते पाहिलं. "कर ना," तो म्हणाला. "रेझिन तं तुयंच होतं." तिनं सही केली, पण नेहमीपेक्षा बारीक.

नागपूरच्या प्रदर्शनात त्या पॅनलशेजारी भिंतीवर ओमनं लिहिलेला मजकूर होता. कापसाचा प्रदेश, हमरस्ता, उजेडाची भूल, अन्न आणि मरण. सुरभीनं तो पुन्हा पुन्हा वाचला. चांगला लिहिला होता. ज्या बाईबद्दल लिहिला होता ती फार हुशार असावी, असं तिला वाटलं. कधी भेटली तर तिला दोन गोष्टी विचारता येतील. लोक पॅनलसमोर थांबत होते. शेजारची तिची दोन चित्रं, जी तिनं महिनाभर जीव ओतून केली होती, त्यांच्यासमोर कोणी फार थांबत नव्हतं.

एका कॉलेजातल्या मुलीनं तिला गाठलं. "मॅडम, तुम्ही यांना मुद्दाम मारलं का?"

"नाही गं. ते आपसूक आले."

आजूबाजूच्या दोघातिघांनी माना डोलावल्या. एक गृहस्थ हळूच "वा" म्हणाले. सुरभी गोंधळली. तिनं तर झालं ते सांगितलं होतं. मुलगी मात्र हलली नाही. "पण तुम्ही लाइट लावला होता ना?" तिनं विचारलं. सुरभी म्हणाली, "हो, लावला होता."

कपिल समोशाची प्लेट घेऊन खांबापाशी उभा होता. ती त्याच्याजवळ जाऊन म्हणाली, "मी खरंच सांगितलं ना?"

"सांगितलं तं खरंच. पण त्यायनं ऐकलं भलतंच," कपिल म्हणाला. "समोसा खाऊन घे."

इकडं पांढरकवड्यात खेमसिंग प्रत्येक ड्रायव्हरला सांगत सुटला, की माह्या ढाब्याचं चित्र नागपूरले लागलं. कपिलनं केलेल्या बोर्डाखाली उभं राहून सांगायचा. लोक तो बोर्डच निरखून पाहायचे, काय विशेष आहे ते शोधायचे.

ओमला आता तशीच आणखी तीन हवी होती. पुढं मुंबईत काही ठरत होतं. सुरभी हो म्हणून बसली. तिनं कपिलला सांगून शीट कापून घेतली, हार्डनर मुद्दाम कमी घातला, आणि एका संध्याकाळी सासऱ्यांबरोबर वावरात गेली. बोंडं फुटायला लागली होती. कपिलनं फवारणीच्या पंपाची बॅटरी निऑनला जोडून दिली आणि तो दुकानाकडं परतला. पुंडलिकरावांनी दोन बांबू रोवून पॅनल उभं केलं. त्यांचा उत्साह पाहण्यासारखा होता. जणू घरात नवी बैलजोडी आली होती.

दिवस मावळला, तसा जांभळा उजेड कपाशीच्या पानांवर पसरला. थोड्या वेळानं पहिला पतंग आला. उजेडाभोवती दोन गिरक्या घेतल्या आणि टेकला. सुरभी बांधावर बसून पाहत होती. पंख फडफडवून त्यानं सुटायचा प्रयत्न केला. एक पंख सुटला, दुसरा अडकला. मग तो स्वतःभोवतीच फिरायला लागला, आणि रेझिनमध्ये त्याच्या फिरण्याचा एक बारीक गोल उमटला. फार सुंदर गोल. तिच्या हातानं तसा कधी आला नसता. आणि तो सुंदर आहे हे आपल्याला दिसतंय, हे तिच्या लक्षात आलं. ढाब्यावर तिनं सकाळी जाऊन फक्त झालेलं पाहिलं होतं. होताना पाहिलं नव्हतं.

ती उठली आणि बॅटरीची वायर काढली.

"काहून बंद केलं?" अंधारातून पुंडलिकरावांनी विचारलं.

"मला नाही पाहवत."

"अवं, तो बोंडअळीचा हाय. त्याले मारासाठीच तं आपण सापळे लावतो. तो राह्यला तं बोंड खाते."

"तुम्ही मारता ते बरोबर आहे, मामाजी. तुमचं पीक आहे. मी कशासाठी मारू?"

"चित्रासाठी."

"तेच ना," ती म्हणाली.

पुंडलिकरावांनी अंधारात चाचपडत बॅटरी उचलली. "पतंग तं तोच हाय," ते म्हणाले. "अथी मेला काय, तथी मेला काय."  दोघं मोबाइलच्या उजेडात बांधावरून परत आली.

तिनं ओमला फोन करून सांगितलं, की तशी चित्रं होणार नाहीत. त्यानं वाद घातला नाही. फक्त म्हणाला, "ठरवून केलं तर काय बिघडलं, ताई? चित्रकार ठरवूनच तर करतो." तेही तिला खरं वाटलं. सासऱ्यांचं खरं, ओमचं खरं, त्या मुलीचंही खरं. सगळ्यांचं खरं असताना आपलाच हात का मागं येतो, हे तिला कोणाला सांगता येईना. "मला नाही जमायचं," एवढंच ती म्हणाली.

त्या हिवाळ्यात तिनं बरंच काम केलं. थंडीत हवा कोरडी असते, रेझिन मनासारखं बसतं. पण मनासारखं म्हणजे कसं, हेच आता पक्कं राहिलं नव्हतं. कधी ती मापात काटेकोर राही आणि चित्र पाहून म्हणे, हे तर मेलेलं आहे. कधी हात सैल सोडी आणि म्हणे, हा नुसता पसारा आहे. ओमनं काही घेतली, काही ठेवून गेला. मुंबईचं बारगळलं. 'खेमसिंगचा ढाबा' हैदराबादच्या कोणीतरी विकत घेतलं. ही बातमी तिनं घरात सांगितली, तेव्हा भागीरथाबाईंना बरं वाटलं. कपिलला त्याहून बरं वाटलं. पुंडलिकराव मात्र जेवता जेवता थांबले.

"इकून टाकलं?"

"हो मामाजी."

"मले वाटलं, ते घरी वापस येईन." त्यांनी घास उचलला, परत ठेवला. "बरं झालं म्हणा. कामाचं इकावंच लागते."

ते चित्र कोणाला खरंच जवळ हवं होतं, हे तिला तेव्हा कळलं. उशिरा कळलं.

पुढच्या हंगामात, कपाशी गुडघ्याला आली तेव्हा, पुंडलिकरावांनीच विषय काढला. वावरात लावायला एक करून दे म्हणाले. साधा सापळा, चित्र नाही. सुरभी लगेच हो म्हणाली, आणि आपण इतक्या लगेच हो का म्हणालो याचं तिलाच नवल वाटलं. पण हे काम सोपं होतं. ते कशासाठी आहे हे ठाऊक होतं. तिनं पॅनल ओतलं, पूर्ण घट्ट होऊ दिलं, वर कृषी केंद्रातून आणलेला सापळ्याचा चिकट लेप लावला. रंगाचं काही बंधन नव्हतं, तरी निळ्याशेजारी मातकट घालून झाल्यावर तिला चैन पडेना. तिथं थोडा पिवळा हवा होता, तो घातला. निऑनची दोरी सरळ बसवली असती तरी चाललं असतं. तिनं ती तीनदा काढून पुन्हा वाकवली. पतंगांना या वळणाशी काय घेणं, असं म्हणत म्हणत वाकवली.

शेजारचे शेतकरी येऊन पाहून गेले. कोणी हसले, कोणी फोटो काढले. सापळा इतर सापळ्यांइतकाच चालला. जास्त नाही, कमी नाही. सुरभी संध्याकाळी तिकडं फिरकत नसे. सासरे घरी येऊन, आज काय काय पडलं ते सांगत, आणि ती ऐकून घेई.

ओमला नवीन कामांचे फोटो पाठवायचे होते. शेडमध्ये उजेड कमी पडतो म्हणून कपिलनं चित्रं वावरात नेऊन बांधावर उभी केली आणि मोबाइलवर फोटो काढले. संध्याकाळी ओमचा फोन आला. चित्रांबद्दल तो दोन शब्द बोलला आणि मग म्हणाला, "तिसऱ्या फोटोत मागं कपाशीत ते काय उभं आहे?"

"ते सासऱ्यांचं आहे."

"म्हणजे?"

"सापळा आहे हो तो. शेतीचा."

"मला पाहायचाय. देतील का ते?"

तिनं फोनवर हात ठेवून पुंडलिकरावांना विचारलं. ते खाटेवर बसून पायाला तेल चोळत होते. त्यांनी जराही नवल केलं नाही. "हंगाम झाल्यावर ये म्हणा," ते म्हणाले. "आता नाही भेटत."

आणि खरंच, कापसाची वेचणी आटोपल्यावर, थंडी पडल्यावर, ओम आला. पुंडलिकराव, सुरभी आणि तो, असे तिघं वावरात गेले. सापळ्यावर पतंग होते, तसाच सगळा हंगामही होता. कापसाचा पिंजलेला तंतू, वाळकी पानं, धूळ, एका चिमणीचं पीस. पावसानं एका कडेचा लेप ओघळला होता. ओम समोर उभा राहिला, बाजूला गेला, परत समोर आला.  त्यानं घ्यावं असं वाटतंय की घेऊ नये, हे सुरभीचं तिलाच समजेना.

"नाही," ओम शेवटी म्हणाला. "हे नाही."

"काहून?" सुरभीनं विचारलं.

 ओमनं पुन्हा एकदा सापळ्याकडं पाहिलं. त्याच्याकडं नेहमी शब्द तयार असायचे. "मला सांगता येत नाही, ताई," तो म्हणाला. "खरंच नाही येत."

त्या क्षणी सुरभीला तो पहिल्यांदा आपल्यातला वाटला.

पुंडलिकरावांना या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी तोवर बांबूच्या दोऱ्या सोडायला घेतल्या होत्या. "हात लाव बरं, भाऊ," ते ओमला म्हणाले, "जड हाय थे." ओमनं शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्याच्या मनगटाला लेप चिकटला आणि तो घासत बसला. रॉकेल लावल्याशिवाय निघायचा नाही, असं पुंडलिकरावांनी त्याला सांगितलं. तिघांनी मिळून ते पॅनल बांधापर्यंत आणलं.

घरी आल्यावर सुरभीनं चहा ठेवला. दुपारी वणीहून एक हार यायचा होता, त्यातली फुलं आधी सुकवून घ्यावी लागणार होती. पॅनल शेडच्या बाहेर भिंतीला टेकून उभं होतं. कपिल दुकानातून आला, त्यानं ते पाहिलं आणि विचारलं, "हे धुऊन ठेवू का असंच राहू देऊ?"

"असंच राहू द्या," ती म्हणाली. मग दारातून पुन्हा बाहेर आली. "नाही, थांबा. मला पाहू द्या जरा."